इपूचं तट्टू, रेतांगचा घोडा

सुंबा बेटाच्या पूर्वेला, वाइंगापूहून आत दोन टेकड्या ओलांडल्या की आमचं गाव. तिथे माझ्या शेजारी रांबू इपू राहायची. लग्न केलं नव्हतं तिने. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाच्या, रेतांगच्या घरात तिचं आयुष्य चाललं होतं. कापड विणायची, डुकरं सांभाळायची. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, वातारू नावाचं तट्टू. आमच्याकडे मक्याला वातारू म्हणतात, आणि त्याचा रंग अगदी वाळल्या कणसासारखा होता. उंचीला इपूच्या खांद्याएवढं, पोट मात्र नगाऱ्यासारखं.

रेतांगने शर्यतीसाठी एक मोठा घोडा आणला. बिंतांग. परदेशी रक्ताचा, लांब पायांचा. आला तो कुंपणाच्या कडेकडेने फेऱ्याच मारत राहिला. गवताला तोंड लावेना. तिसऱ्या दिवशी इपूने कुणाला न विचारता वातारूला आत सोडलं. तट्टू सरळ गव्हाणीशी जाऊन कराकरा खायला लागलं. बिंतांग थांबला, बघत राहिला, मग शेजारी येऊन त्याने पहिला घास घेतला.

तेव्हापासून दोघे एकत्र, आणि तिथूनच इपूचा ताप सुरू झाला. बिंतांग चावून चावून, सावकाश खाणारा. वातारू स्वतःचं फस्त करायचं आणि कान मागे पाडून त्याला गव्हाणीवरून हाकलायचं. एवढा मोठा घोडा निमूट बाजूला व्हायचा! महिन्याभरात त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, आणि जास्तीचा दाणा खाऊन तट्टूचे खूर तापले. पुढचे पाय ताणून ते जागीच उभं राहिलं, पाऊल उचलवेना.

"आक्का, माझ्या घोड्याचा खुराक खाऊन तुझं तट्टू बाळंतीण झालंय बघ," रेतांग म्हणाला.

"तू एक दिवस येऊन दोघांना खायला घाल, मग बोल."

ती रोज त्याला धरून धरून ओढ्यापर्यंत न्यायची आणि गार पाण्यात उभं करायची. मग तिने युक्ती काढली. बिंतांगचा कोंडा आणि मक्याचा भरडा चिंचेच्या फांदीला उंच टांगलेल्या टोपल्यात. तट्टूने मान कितीही ताणली तरी पोचायचं नाही. तट्टूसाठी कोपऱ्यात वेगळा कप्पा, त्याला आडवा बांबू इतका खाली बांधलेला की ते वाकून आत जाईल, घोडा जाणार नाही. आत फक्त वाळलं गवत, तेही मोजकं. बिंतांगचं खाणं संपेपर्यंत ती तिथेच उभी असायची. नसली तर तो खात नसे.

दोन वर्षांत बिंतांगने तीन शर्यती मारल्या. रेतांगची छाती फुगली. एकदा भर अंगणात तो म्हणाला, "हे सगळं आक्काच्या हातचं. वातारूला या घरातून कुणी हलवणार नाही. माझा शब्द." इपू लाजून आत गेली. मी तिथेच होते.

मग रेतांगचा सासरा वारला. मयताला कापायला जावयाने घोडा न्यायलाच हवा, तो रिवाज कुणाला चुकत नाही. रेतांग माझ्याकडे आला.

"तट्टू नेतोय. बिंतांग कसा देऊ? तू एवढंच कर, आक्काला सांग की आत्या आजारी आहे, तिला बोलावलंय. माझ्यावर तिचा विश्वास बसायचा नाही."

"अरे, पण—"

"तिच्यासमोर ओढून नेऊ का? तेच बघायचंय तुला?"

मला वाटलं, एका तट्टूचाच तर प्रश्न आहे. मी जाऊन सांगितलं. इपू हातातलं काम टाकून निघाली. जाताना म्हणाली, "दुपारी बिंतांगजवळ उभी राहशील ना गं?" मी हो म्हटलं.

आत्या दारात मका कांडत होती, धडधाकट. "मला काय धाड भरलीय? कोण मेला सांगत होता?" ती म्हणाली. इपू पाणीही न पिता मागे फिरली. ती पोचली तेव्हा बिंतांग एकटा कुंपणाला फेऱ्या घालत होता आणि टोपलं भरलेलं होतं. कोपऱ्यातला बांबू सोडलेला होता. मी तिथेच उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं."

मी सुटलेला बांबू उचलायला वाकले.

"किती जणांना माहीत होतं?"

सगळ्या गावाला होतं. ती रडली नाही. बिंतांगच्या तोंडात लगाम घातला आणि चालायला लागली. मी मागून गेले. रेतांगच्या सासुरवाडीची वाट अर्ध्या दिवसाची.

सासऱ्याचं शव अजून ओसरीवर कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं. अंगणात पाहुणे बसले होते, त्यांत रेतांगही होता. वातारू दुसऱ्या दिवशी कापायच्या जनावरांत बांधलेलं. इपू घोडा घेऊन अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "माझ्या भावाने सासऱ्यासाठी बिंतांग काढून ठेवला होता. घाईत चुकून तट्टू आलं. आमच्या घराची लाज झाली. हा घ्या, आणि ते परत द्या."

अंगणात वाहवा झाली. केवढा जावई! रेतांगचं तोंड पांढरं पडलं, पण सगळ्यांदेखत दिलेलं परत कोण मागणार? त्याला हसावं लागलं.

"आक्का," तो दातांतल्या दातांत म्हणाला, "घर बुडवलंस."

"तू शब्द दिला होतास."

असला शर्यतीचा घोडा कुणी कापत नाही, ठेवून घेतात. यजमानांना तिने बजावलं, "याला एकटं ठेवू नका. जवळ लहानसं काहीतरी हवं. कोंडा वर टांगा, आणि तो खात असेपर्यंत कुणीतरी उभं राहा." त्यांनी हसून माना डोलावल्या. आम्ही तट्टू घेऊन निघालो तेव्हा बिंतांग किंचाळल्यासारखा खिंकाळत होता. वातारूही मान वळवून उत्तर देत होतं. इपूने त्याचं दावं आखडून धरलं.

घरी ती राहिलीच नाही. माग आणि तट्टू घेऊन आत्याकडे गेली. बिंतांगने तिकडे बारा दिवस नीट खाल्लं नाही म्हणे. मग त्यांनी एक शिंगरू आणून सोडलं, तेव्हा जगला, पण त्याने शर्यत पुन्हा मारली नाही. ही खबर मीच इपूला सांगायला गेले होते. ती मागावर बसली होती.

"रेतांगने मला फसवलं, मी त्या मुक्याला," ती म्हणाली. "त्याला काय कळणार, मी का सोडून आले ते?"

मी सुपारीची पिशवी उघडून तिच्यापुढे धरली. आमच्यात ती कुणी नाकारत नाही. तिने ती परत माझ्याकडे सारली आणि आत्याला हाक मारली, "हिला वाटेला लावून दे. ऊन चढेल."