पॉपीचं आवण

आईनं घराची किल्ली शेजारच्या कमळकाकूंच्या हातात दिली, मग परत घेतली, कुलूप ओढून बघितलं आणि पुन्हा दिली. गाडी किन्हवलीच्या रस्त्याकडे तोंड करून उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि मी विमानाची वेळ सांगत सगळ्यांच्या मागे लागले होते. "आवणीच्या आत येऊ ना गो परत?" आईनं विचारलं. आवणी म्हणजे पावसाळ्यातली भाताची लावणी. मी म्हटलं, "बघू." आमच्या वाडीत 'बघू' म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आई गाडीत बसली. आसनगावला स्टेशन दिसलं तेव्हा एवढंच म्हणाली, "हितूनच तू गेलीस."

तिथूनच गेले मी. आधी कल्याणचं कॉलेज, मग नोकरी, लग्न आणि शेवटी कॅनडात विनिपेगला. पण माझं जाणं वेगळं होतं. भाताचं आवण, म्हणजे रोप, वीतभर झालं की राबातून, म्हणजे भाजलेल्या रोपवाफ्यातून, उपटायचंच असतं. तिथंच ठेवलं तर पिवळं पडून वाया जातं, असं बाबा म्हणायचे आणि माझी बॅग स्वतः स्टेशनापर्यंत उचलून आणायचे. बाबा गेले. मग आई विहिरीवर पडली, मनगट मोडलं, आणि काकूंना हाक ऐकू जाईपर्यंत ती तिथंच पडून राहिली. भाऊ नाही, बहीण नाही. मी काय करायला हवं होतं, ते मला अजूनही कोणी सांगितलेलं नाही.

इथं आल्यावर आई हळूहळू बोलायची थांबली. आधी लेकीच्या घरी किती दिवस राहायचं म्हणून लाजायची, मग ते म्हणणंही थांबलं. बर्फ पडायला लागला तशी ती खिडकीला पाठ करून बसू लागली. सकाळी उठून पिशवी भरायची, लुगडी नीट घडी करून आत ठेवायची आणि पिशवी मांडीवर घेऊन बसायची. जेवण अर्ध्यावर ठेवायची. डॉक्टरांनी गोळी दिली, ती तिनं जिभेखाली धरून नंतर खिडकीतल्या कुंडीत पुरलेली मला सापडली. संजय, माझा नवरा, म्हणाला, "त्यांना परत पाठवूया." मी त्याच्यावर ओरडले. कोणाकडे पाठवू? पुन्हा विहिरीवर पडायला?

दिवाळी होऊन गेली होती, उरलेल्या पिठाचे अनारसे थापत होते. आई शेजारी बसली होती. तिनं ताटलीतली खसखस चिमटीत घेतली आणि म्हणाली, "हे कुठं पिकतं गो? जल्मभर लावलं, झाड नाय बघितलं कवा." कित्येक महिन्यांतला तिचा पहिला प्रश्न होता तो. मी हातातला गोळा ठेवून फोन घेतला आणि तिला पॉपीचं फूल दाखवलं. या झाडापासून अफूही निघते म्हटल्यावर ती डोळे विस्फारून म्हणाली, "म्हंजे मी जावयाला अनारशातून अफू चारली व्हय?" आणि हसली. आई हसली! त्याच दिवशी मी ठरवलं, उन्हाळ्यात परसात पॉपी लावायची. खसखशीची जात नको, त्यात कायद्याची भानगड. नुसती फुलांची लावू. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी ही होती.

पुढचा सगळा हिवाळा आम्ही मायलेकी बियाण्यांच्या पाकिटांवर घालवला. कॅलिफोर्निया पॉपी केशरी असते, ती बघून आई म्हणाली, "हा झेंडूच. झेंडू बघायला एवढ्या लांब कशाला यायचं?" आइसलँडची जात थंडीत टिकते पण वाढते अगदी रेंगाळत. ओरिएंटल जात सगळ्यांत देखणी, तळहाताएवढं लाल फूल, एकदा रुजली की वर्षानुवर्षं त्याच जागी उगवते. फक्त पहिल्या वर्षी फुलत नाही. आईनं ते पाकीट उलटसुलट केलं आणि बाजूला ठेवलं. "दुसरं वरीस कोणी बघितलंय." मला तर पहिल्याच उन्हाळ्यात फूल हवं होतं. आई या जमिनीत गुंतायला हवी होती, तीही लवकर. म्हणून शर्ली जात घेतली. दोन-अडीच महिन्यांत फुलते, लाल, गुलाबी, कागदासारख्या पातळ पाकळ्यांची. मी फुलांची जात निवडत नव्हते. आईला इथं थांबवील असं काहीतरी शोधत होते.

मे महिन्यात जमीन मऊ झाली आणि आई उठली. मी ऑफिसात असताना तिनं कुंपणाशी पाचोळा गोळा केला, त्यावर माती पसरली आणि पेटवून दिला. राब भाजल्याशिवाय रोप जोमदार येत नाही, हे शहापूर-मुरबाडकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण विनिपेगमध्ये अंगणात धूर दिसला की अग्निशमन दलाची गाडी येते. शेजारच्या बाईंनी फोन केला होता, त्यांचंही काही चुकलं नाही. आई मात्र त्या उंच टोपीवाल्या माणसांसमोर पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "पोरांनो, इझलाय. चहा घेता?"

भाजलेल्या जागेवर तिनं बी दाट फेकलं. पाकिटावर लिहिलं होतं, जिथं फुलं हवीत तिथंच पेरा, रोप हलवू नका, या झाडाचं सोटमूळ दुखावलं की झाड जगत नाही. मी तिला वाचून दाखवलं. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पाकीट खिशात घातलं. जन्मभर भाताचं रोप उपटून लावलेल्या बाईला पाकीट काय शिकवणार? जूनच्या शेवटी मी घरी आले तर सगळा वाफा ओळीनं लावलेला. रोपांच्या मुठी बांधून ठेवलेल्या, आई कमरेत वाकलेली, लुगडं खोचलेलं, हात पाण्यात. ती गाणं म्हणत होती. मोडलेलं मनगटसुद्धा चालत होतं. "तिकडं आता आवणी चालली असंल," ती म्हणाली आणि त्या रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या.

दोन दिवसांत सगळी रोपं माना टाकून आडवी झाली. आई सारखी पाणी घालत होती. तिसऱ्या दिवशी ती बाहेरच आली नाही, बिछान्यावर बसून पिशवी भरू लागली. मी गाडी काढली, नर्सरीत गेले, पॉपीची तयार रोपं घेतली आणि ती झोपलेली असताना मेलेल्या रोपांच्या जागी एकेक खोचली. मूर्खपणा होता, पण त्या वेळी मला देवानं जरी सांगितलं असतं तरी मी थांबले नसते.

आई उठली, बाहेर आली. वाफ्याशी बसून तिनं एक पान बोटांत धरलं. शर्लीचं पान कातरलेलं, लवदार असतं. नर्सरीत मिळाली होती आइसलँडची, निळसर बुटकी. "हे माझं आवण नाय," ती म्हणाली. "कोणाकडनं आणलंस?" मी खरं सांगितलं.

"आवण इकत घेतलंस?"

हे वाचणाऱ्या परगावच्या लोकांना सांगायला हवं. आमच्याकडे कोणाचा राब वाहून गेला, गुरांनी खाल्ला, तर ती बाई रिकामी पाटी घेऊन दुसऱ्याच्या बांधावर जाऊन उभी राहते. तोंडानं काही मागायचं नसतं. शेतातली माणसं वर बघतात, आपल्यातल्या मुठी तिच्या पाटीत टाकतात आणि पुन्हा कामाला लागतात. आवण विकत नाहीत. आईचं नि कमळकाकूंचं बांधावरून एकदा मोठं भांडण झालं होतं, चार महिने तोंड बघत नव्हत्या. त्या साली आमचा राब कुजला तेव्हा काकूंनी आईची पाटी भरली आणि भांडण पुढं चालू ठेवलं.

"आवण इकत घेत नसतात गो," आई म्हणाली. "मागायचं असतं."

"कोणाकडे मागू, आई?"

तिनं कुंपणांवरून नजर फिरवली. छान रंगवलेली, बंद फाटकांची कुंपणं.

"तेच म्हणतंय मी. मला घरी पोचव."

मी पोचवलं. दसऱ्याच्या सुमारास तिला वाडीत सोडलं, काकूंनी किल्ली दिली, आई उंबऱ्यावर बसली आणि पहिल्यांदा पोटभर रडली. मी परतले. मुलांच्या शाळा, नोकरी, सगळं इथं आहे. कारणं खरी आहेत, पण सांगताना जीभ जड होते. तेव्हापासून रोज फोन करते. ती म्हणते, "बरं हाय." काकू सकाळी तिचं दार वाजवतात, विहिरीचं पाणी भरून ठेवतात, म्हणून मी इथं श्वास घेते.

आई नको म्हणाली होती ते ओरिएंटलचं पाकीट ती गेल्यावर मी टाकून दिलं नाही, पेरलं. दुसरं वर्ष उजाडलं आणि परस लाल झालं आहे. आईला फोनवर दाखवलं. "चांगलं आलंय," ती म्हणाली, "जागेवरून हलवू नको." त्याच फोनवर मागून काकूंचा आवाज आला. त्यांचा मुलगा त्यांना कायमचं बदलापूरला नेतोय, याच महिन्यात. गुडघे दुखतात, एकटीनं होत नाही. त्याचं काय चुकलं? मीही हेच केलं होतं.

फोन ठेवला. आता सकाळी आईचं दार कोण वाजवणार? पूर्वी घर म्हटलं की मला आमचं कौलारू छप्पर आठवायचं. आता घर म्हणजे माझ्यासाठी तेवढंच उरलं आहे, आईच्या दारावर सकाळी पडणारी कोणाची तरी थाप.

म्हणून हे लिहिते आहे, वाडीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारखे निघून गेलेल्या, पण सणाला तरी तिकडे जाणाऱ्या तुम्हालाही. माझ्याकडे हक्क नाही. मी तुमच्या आवणीला आले नाही, मयताला आले नाही, पैसे देऊ केले तर तुम्ही रागवाल, आणि रागवावंच. तोंडानं काय मागू?

बांधावर उभी आहे. पाटी रिकामी आहे. जरा वर बघा.