मंदाला पुन्हा अंगावर घेताना

डॉक्टरीणबाईंनी मंदाच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी लगेच खाली बसायला हवी होती. ती तशीच उभी राहिली. मग त्यांनी टाळूवर बोट ठेवून पाहिलं. टाळू खोल गेली होती.

"डिहायड्रेशन," त्या नर्सला म्हणाल्या. मला कळलं नाही हे बघून त्यांनी समजावलं, की पोरीच्या अंगातलं पाणी संपत आलंय, आत्ताच्या आत्ता सलाइन लावायला हवं. मंदाला काट्यावर घातलं. चार महिन्यांची पोर साडेतीन किलो भरली. बाईंनी काट्याकडे दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या, "जुलाब चार दिवसांचे आहेत. पण ही पोर त्याच्या आधीपासून उपाशी आहे."

नर्सनं मला दंडाला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं. मंदाच्या डोक्याचे केस काढून तिथल्या शिरेत सुई घालायची होती, ते आईनं बघू नये म्हणून. पोरीचं डोकं धरायला माझ्या सासूबाई आत थांबल्या. मी बाहेर बसून तिचं रडणं ऐकायला कान लावले होते. ते ऐकू येत नव्हतं म्हणून जीव जास्त घाबरत होता.

ही गोष्ट त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातली, नगरच्या एका दवाखान्यातली. ज्यांचं दूध काही कारणानं तुटलं आणि आता पुन्हा येईल का म्हणून ज्या घोर लावून बसल्यात, त्यांच्यासाठी मी हे सांगते आहे. गोड करून सांगणार नाही. चूक माझी होती आणि ती पहिल्यांदा सांगते.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. दुष्काळाचं दुसरं वर्ष. पाणी टँकरचं, भाकरी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, आणि मंदाचे वडील पाझर तलावाच्या कामावर. मंदा दोन महिन्यांची झाली आणि मला मुदतीचा ताप आला. डॉक्टर त्याला टायफॉइड म्हणतात. महिनाभर उठता आलं नाही. तापातलं दूध विटतं, पोरीला बाधेल, असं सगळ्यांनी ठरवलं आणि मंदाला माझ्यापासून तोडलं. पाथर्डीहून डब्यातली दूध पावडर आणली, काचेची बाटली आणली. सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, त्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं. कंपाउंडरनं सांगितलं होतं एका बाटलीला चार चमचे. त्या चार मोजायच्या, बोट फिरवून चमचा सपाट करायच्या, मगच घालायच्या. महिनाभर पोर चांगली होती.

ताप उतरला, मी उठले. छाती सपाट झाली होती. पुन्हा अंगावर घेऊन बघावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझा जन्म गोठ्यात गेलेला. गाय एकदा आटली की आटली, पुन्हा व्याल्याशिवाय धार नाही, हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. मी डबा ताब्यात घेतला.

आता माझं शहाणपण ऐका. मी सातवी पास. घरात माझ्याइतकं शिकलेलं कुणी नव्हतं आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. मंदाची शी खडा होई, पोट फुगे. मला वाटलं दूध जड जातंय. माझ्या माहेरी तान्ह्या पोराला गाईचं दूध द्यायचं तर निम्मं पाणी घालूनच देत. वरचं दूध पातळच द्यायचं, हा आमच्याकडचा नेम. पावडरीच्या चार चमच्यांत पाण्याचा हिशेब आधीच धरलेला असतो, ते गाईच्या धारेसारखं नसतं, एवढं काही सातवीच्या बुकात नव्हतं. मी चाराचे दोन चमचे केले. पाणी तेवढंच.

पोर शांत झाली. रडेना, हट्ट करेना, पडून राही. मी शेजारपाजारी कौतुक सांगत फिरले, आमची मंदा किती गुणाची. अहो, तिच्या अंगात रडायचं बळ उरलं नव्हतं. तीन आठवडे मी माझ्या हातानं तिला उपाशी ठेवलं. वर टँकरचं पाणी आणि नीट न उकळलेली बाटली. मग जुलाब लागले आणि आम्ही एस.टी.नं नगर गाठलं.

दुसऱ्या दिवशी मंदानं डोळे उघडले. माझ्या जिवात जीव आला, पण बाईंनी तो फार वेळ राहू दिला नाही. म्हणाल्या, "जुलाब थांबतील. पण घरी जाऊन पुन्हा बाटली, पुन्हा तेच पाणी आणि पुन्हा जुलाब, तर ही पोर दम धरणार नाही. तू हिला अंगावर पाजायचं."

मी म्हणाले, "बाई, माझं आटलंय. दोन महिने झाले. भाकड गाय कुठं दूध देते?"

"तू गाय आहेस का?" बाईंनी विचारलं. वॉर्डातल्या बायका हसल्या. माझ्या अंगाची आग झाली.

मग त्यांनी खाटेवर बसून समजावलं. याला रिलॅक्टेशन म्हणतात, म्हणजे तुटलेलं दूध पुन्हा आणणं. बाईमाणसाचं दूध ओढलं की येतं. पोर जितक्या वेळा ओढेल तितकं शरीराला कळतं की इथं दूध लागणार आहे. दर दोन तासांनी पोरीला लावायचं, दोन्ही बाजूंना, थेंब आला नाही तरी लावायचं. पोटभर खायचं, भरपूर पाणी प्यायचं. बाटली बंद, राहिलेलं दूध वाटी-चमच्यानं. शेवटी म्हणाल्या, "आठ-पंधरा दिवस लागतील. आणि स्वतःला बोल लावत बसू नकोस, त्यानं दूध उतरत नाही."

बोल लावायचा नाही म्हणे. माझ्या छातीवर तर धोंडाच होता. दूध कोण करायचं, कसं करायचं, हे बाई विचारतील आणि मग मला सांगावं लागेल, याच धाकात मी होते. सकाळी राउंडची पावलं वाजली की मी मंदाचं दुपटं उगाच सारखं करत बसे. बाई येत, मंदाचा कागद बघत, माझ्या छातीला हात लावून बघत आणि पुढं जात. चमच्यांचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. न विचारल्यानं मला अजूनच भीती वाटे.

तिसऱ्या दिवशी मंदाला लावलं. तिनं एकदा तोंडात घेतलं, काही आलं नाही, आणि अशी किंचाळली की समोरच्या खाटेवरची बाई उठून बसली. पाठ ताठ करून, मुठी आवळून मला ढकलत होती. आपलं लेकरू आपल्याला ढकलतं तेव्हा काय होतं, ते ज्यांनी सोसलंय त्यांनाच कळेल. मी तिला खाटेवर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसले. दिवसभरात पाच वेळा तेच झालं.

बाईंनी युक्ती सांगितली. उकळलेलं दूध वाटीत घ्यायचं, कापसाचा बोळा त्यात बुडवायचा आणि पोर तोंड लावेल तिथं वरून थेंब थेंब सोडायचा. दूध लागलं की ती ओढत राहील. पण याला तिसरा हात लागतो. तो हात आत्याबाईंचा.

आमचं दोघींचं कधी फारसं पटलं नव्हतं. त्यांची जीभ तिखट, माझी त्याहून. आणि आता दिवसातून आठ-आठ वेळा त्यांच्यासमोर रिकामी छाती उघडी करून बसायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या माझ्याकडे बघत नसत. डाव्या हातात वाटी, उजव्या हातात बोळा, आणि नजर मंदाच्या ओठांवर. "वढ गं मंदे, वढ. आयला लाजवू नगंस," असं पुटपुटत राहायच्या. चमच्यांबद्दल त्याही एक अक्षर बोलल्या नाहीत. मी मनात म्हणे, यांना काही कळलेलंच नाही, बरं झालं.

आमची मंदा खरोखरच बोळ्यानं दूध प्यालेली आहे. पण ओढायला शिकली. चौथ्या दिवशी दोन मिनिटं, पाचव्या दिवशी पाच. माझं दूध मात्र नाहीच. बोंडं चिरली, टाके घातल्यासारखं दुखे. आत्याबाईंनी बाजारातून अळीव आणून खीर करून घातली. मी खाई आणि दर तासाला छाती दाबून बघे. कोरडी.

सहाव्या दिवशी सकाळी वजन पन्नास ग्रॅमनं उतरलं. बाई म्हणाल्या, अजून दोन दिवस बघू, नाहीतर राइल्स ट्यूब घालावी लागेल. राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात जाणारी बारीक नळी, तिच्यातून दूध सोडतात. तुमच्यावर वेळ आली तर घाबरू नका, कितीतरी लेकरं त्या नळीवर वाचलीत. पण त्या दिवशी मला वाटलं, आता संपलं. मंदाच्या नाकाएवढ्या नाकात नळी कशी जाईल, हेच डोळ्यांपुढं येत राहिलं.

त्याच दुपारी मंदाचे वडील आले. कामावर खायला वाटतात ती गोड पिठाची सुकडी त्यांनी फडक्यात बांधून माझ्यासाठी आणली होती. उन्हानं काळे पडलेले, पायांना भेगा. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "आलं का?" मी फाडकन बोलले, "दूध म्हंजी काय टँकर हाय का, आज यायचाय म्हनून सांगायला?" सुकडीचं फडकं त्यांनी माझ्या उशाला ठेवलं आणि मंदाच्या तळपायावरून बोट फिरवत राहिले. मला इतकं वाईट वाटलं, पण माफी मागायला तोंड उघडेना. गाडीची वेळ झाल्यावर ते उठून गेले.

आठवा दिवस. सकाळी वजन जेवढ्यास तेवढं होतं. दुपारच्या वेळी मंदाला घेऊन बसले होते. आत्याबाई बोळ्यानं थेंब सोडत होत्या. मी डोळे मिटून घेतले होते, कारण बघवत नव्हतं. बराच वेळ गेला. मग आत्याबाई हळूच म्हणाल्या, "सुमन, डोळं उघड. गळा बघ तिचा."

मंदाचा गळा हलत होता. ओढायची, थांबायची, गिळायची. पुन्हा ओढायची. मी म्हणाले, "बोळा जरा कमी सोडा, ठसका लागंल." आत्याबाईंनी वाटी माझ्यापुढं धरली. ती रिकामी होती, आणि बोळा कधीचा वाटीत पडलेला होता.

मंदाच्या ओठांच्या कडेला पांढरं दिसत होतं. ते माझं होतं. मी मोठ्यानं रडायला लागले. वॉर्डातल्या बायका धावल्या, त्यांना वाटलं पोर गेली.

पण लगेच पाट वाहू लागले असं समजू नका. थेंब होते ते. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त. काट्यावर तीस ग्रॅम चढले, मग चाळीस, एक दिवस पुन्हा काहीच नाही. बाईंनी स्पष्ट सांगितलं की निम्मी भूक भागेल एवढं आलं तरी खूप, उरलेलं वाटीनं द्यायचं, त्यात कमीपणा नाही. हे मीही तुम्हाला सांगते. सगळं येईलच असं नाही. जेवढं येईल तेवढं त्या लेकराच्या कामाचं असतं. आणि डब्याचं दूध द्यावं लागलं तर द्या, पण डब्यावर लिहिलंय तसंच करा. आपली अक्कल त्यात घालू नका.

सोळाव्या दिवशी घरी जायची परवानगी मिळाली. बाई कागद लिहीत होत्या. लिहिता लिहिता आत्याबाईंकडे बघून जरा कडक आवाजात म्हणाल्या, "आजी, आता लक्षात ठेवायचं. चार चमचे म्हणजे चार. पहिल्या दिवशी सांगितलंत तसे तुमच्या मनानं दोन नाही घालायचे. नात हातची गेली असती तुमच्या."

"व्हय बाई," आत्याबाई मान खाली घालून म्हणाल्या. "चुकलं माजं."

मी उभीच राहिले. बाईंनी कागद हातात दिला आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

स्टँडवर पाथर्डीची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी म्हणाले, "आत्याबाई, चमचं मी कमी केलं हुतं. तुमी न्हाई."

"ठावं हाय मला. दवाखान्यात येताना डबा उचलला, तवाच कळलं. इतक्या दिसात सरायला पायजे हुता, तर निम्मा भरल्याला."

"मग तुमी का सांगितलं?"

त्या रस्त्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बाईंचा बोल तुला लागला असता तर तू तितंच खचली असतीस. खचलेल्या बाईला पान्हा फुटतो व्हय? मला कुटं पाजायचं हुतं? म्हनून म्या घेतला बोल."

मी त्यांच्या पायांशी वाकले. त्यांनी मला खांद्याला धरून वर केलं आणि म्हणाल्या, पाया घरी गेल्यावर पड, आधी पोरीला घे, भुकेजलीय. मी तिथंच बाकावर पदराआड मंदाला घेतलं. आत्याबाईंनी सवयीनं पिशवीतून वाटी आणि बोळा काढून मांडीवर ठेवला. मंदा एका बाजूला प्याली, दुसऱ्या बाजूला प्याली, आणि तोंडातून सोडून झोपी गेली. त्या दिवशी पहिल्यांदा वाटी लागली नाही.