सगळ्यांना न दाखवायचा कण

चहा पुढे आला की सर आधी दोन बोटांनी बशी हळूच फिरवत, मगच कप उचलत. सूक्ष्मदर्शकाखालची गोल चकती जन्मभर फिरवून बोटांना तशी सवय लागली होती. जेवताना ताटही फिरायचे. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी वहिनी म्हणायच्या, "फिरवा, फिरवा. भाकरी चमकायलीय का बघा."

आमच्या महाविद्यालयात ते भूशास्त्र शिकवत, मी ग्रंथपाल. एका दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावले. काचपट्टीवर लोणारच्या दगडाचा काप चिकटवलेला होता, आरपार उजेड जाईल इतका पातळ.

"ग्रंथपाल, फिरवा बघू."

मी चकती फिरवली. आजूबाजूचे कण उजळत होते, विझत होते. एक लांबट कण मात्र कसाही फिरवला तरी काळाच.

"बिघडलाय का हा?"

"लई मोठा दणका बसलाय त्याला. आकाशातून दगड आदळला, तेव्हाचा. वितळला नाय बरं का. आकार जसाच्या तसा, आतली घडी तेवढी मोडली. काच झाली त्याची." मग आवाज उतरवून म्हणाले, "सगळ्यांना नाय दाखवत मी हा."

तुम्हालाही कुणी असे काही दाखवले असेल, तर त्या वाक्यावर माणूस किती वर्षे काढू शकतो हे तुम्हाला ठाऊक असेल.

पुढे पाचोडची एक मुलगी त्यांच्याकडे संशोधनाला आली. दुपारी प्रयोगशाळेतून "फिरव बघू" ऐकू येऊ लागले. मी तिथे पुस्तके परत मागायला जाई, मुदत संपलेली नसतानाही. तिला दुसरे काप दाखवत असतील, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

सर गेले. महिन्याभराने वहिनींनी आम्हा दोघांना घरी बोलावले आणि काचपट्ट्यांची पेटी तिच्या हातात दिली. "हिलाच द्या म्हणले होते."

"त्यातली ती काळ्या कणाची एक मला..." मी म्हणालो.

तिने न शोधता नेमकी तीच काढली. "ही? ही तुम्हाला कशी माहीत? मला तर म्हणाले होते, सगळ्यांना नाय दाखवत."

"मलाही तेच म्हणाले होते."

तिचा चेहरा पडला. मला बरे वाटले. थोडा वेळ ती पट्टी हातात धरून बसली आणि मग तिने ती मला दिली.

वहिनींनी चहा आणला. कप उचलण्याआधी तिने दोन बोटांनी बशी हळूच फिरवली. तिचे तिलाही कळले नसावे. वहिनी तिच्या बोटांकडे बघत राहिल्या.

मी खिशातली काच चाचपत बसलो.