चार्जरच्या बटणावरचा लाल टॅग

मी झुंबर सानप. तारापूरच्या एका कारखान्यात वीस वर्षं इलेक्ट्रिशियन आहे, तरी सालवडच्या घरातला माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी तासाभरात मान टाकायची. शेवटी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, स्क्रीन मंद केली आणि झाकण मिटताच तो झोपेल अशी सेटिंग लावली.

आता बॅटरी दिवसभर टिकते का, याची चाचणी. सकाळी बॅटरी पूर्ण भरून झाकण मिटलं, चार्जरच्या बोर्डाचं बटण बंद केलं आणि हाताच्या सवयीने त्यावर लाल टॅग बांधला: ‘काम चालू. हात लावू नये.’ कारखान्यात ज्याचा टॅग, त्यानेच काढायचा. मागे माझ्या बायकोने, वर्षाराणीने, असाच एक टॅग काढला होता, तेव्हा मी तिला तासभर सुरक्षेवर भाषण दिलं होतं.

संध्याकाळी ड्युटीवरून आलो आणि बूट न काढताच झाकण उघडलं. बॅटरी चौऱ्याण्णव टक्के! मी घरभर नाचलो. नाचताना पाण्यावरून घसरलो. त्याच बटणावर फ्रीजही होता, तो दिवसभर बंद राहून त्यातला बर्फ वितळला होता, आणि एवढं माझ्यासारख्या जाणकाराला दिसलं नव्हतं.

“अगं, बटण चालू करायचं ना!”

“टॅग तुमचा, नियम तुमचा,” वर्षाराणी म्हणाली. “आतलं पापलेटही आता तुम्हीच खा.”