घरी विचारलंत का?

आमच्या आमदारांनी मला फसवलं. माझ्या एकुलत्या एका मुलीचं कन्यादान त्यांनी केलं, आणि मला कळूही दिलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझ्या तोंडून त्यांच्याबद्दल चार बरे शब्द निघतील, तेव्हा तुम्ही हे विसरू नये.

बसवनगुडीत त्यांना सगळे अण्णा म्हणत. घराणं मराठी, पण बेंगळुरात इतकं मुरलेलं की बोलणं निम्मं कन्नड. सकाळी ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसत. आलेला माणूस तोंड उघडणार, तोच त्यांचं एक बोट वर जाई. "घरी विचारलंत का?"

कुणाला नोकरी सोडायची असे, कुणाला जागा विकायची. सगळ्यांना प्रश्न एकच. स्वतःलाही तोच. मंत्रिपद देतो, आमच्या गटात या, असा निरोप आला तेव्हा "घरी विचारतो" म्हणून ते आत गेले. त्यांच्या पत्नी, अक्का, नको म्हणाल्या. अण्णा आमदारच राहिले.

बाकी माणूस कर्मठ. देवळाजवळ दारूचं दुकान नको, पब रात्री लवकर बंद करा, शाळेत प्रार्थना हवीच. नव्या कंपन्यांतली मुलं त्यांची टर उडवायची. मी मात्र त्यांचा माणूस. सांगलीकडून सोनं गाळायच्या कामाला आलो, दुसऱ्याच्या भट्टीवर हात भाजून घेतले आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. सौद्यात मला कुणी हरवलेलं नाही. प्रत्येक निवडणुकीत अण्णांसाठी घसा फोडला.

आईवडिलांच्या संमतीशिवाय लग्नाची नोंदणी होऊ नये, अशी मागणी त्यांनी विधानसभेत केली, तेव्हा मी दुकानात पेढे वाटले. कारण माझ्या घरात तेच पेटलं होतं. मुलीला तिच्या ऑफिसातला मुलगा हवा होता. जात वेगळी, भाषा वेगळी. मी नाही म्हटलं. तिने जेवण सोडलं, मी बोलणं सोडलं.

शेवटी मीच ओसरीवर गेलो. "अण्णा, तुम्हीच समजवा तिला. तुमचं ऐकेल."

"स्वल्प थांब," ते म्हणाले. "पाठव तिला. सरी होईल, सगळं ठीक होईल."

मी पाठवली. माझ्या हाताने पाठवली.

मग एका सकाळी बायको बनशंकरीच्या देवळातून परत आली. चपला काढायला वाकली, तेव्हा तिच्या अंबाड्यात मला अक्षता दिसल्या. "कुणाचं लग्न होतं?" ती तशीच वाकून म्हणाली, "आपल्या लेकीचं. अण्णांनी लावून दिलं." मी तडक ओसरी गाठली. माणसं बसली होती, तरी ओरडलो.

"अण्णा, विधानसभेत काय बोलला होतात?"

"अजून तेच बोलतो की."

"मग घरी विचारलंत का?"

"विचारलं." बोट वर. "तुझ्या घरात तू एकटाच आहेस काय रे? तिच्या आईला विचारलं. रडली, पण हो म्हणाली."

"आणि बाप?"

"तुझं उत्तर मला माहीत होतं."

"माहीत असणं म्हणजे विचारणं नव्हे! तुमच्या मागणीत आईवडील दोघं होते. अर्धा माल देऊन पुरी पावती फाडलीत!"

कुणीतरी हसलं. अण्णांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं, हसू तिथंच विरलं. मग हळू म्हणाले, "पोरं पळून जाणार होती रे. मी देवळात नेलं. पाठीशी कुणीतरी मोठं माणूस उभं असावं ना?"

"मी होतो की!"

"होतास?"

अक्का कॉफी घेऊन आल्या. मी पेल्याला हात न लावता उतरलो.

नंतर एकदा त्यांची गाडी माझ्या दुकानासमोर थांबली. काच खाली झाली, बोट वर आलं. मी पाठ फिरवून भट्टीकडे बघत राहिलो. गाडी बराच वेळ थांबली होती. नंतर कळलं, त्या दिवशी ते हॉस्पिटलला निघाले होते. परत आले नाहीत.

शोकसभेत पक्षाचे लोक म्हणाले, अण्णा शेवटपर्यंत तत्त्वाला चिकटून राहिले. माझी मुलगी अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. बापासाठी रडावं तशी. मी मागे, खांबापाशी उभा होतो.

आता निवडणूक आली आहे. त्यांच्या जागी उभा राहिलेला नवा उमेदवार काल दुकानात आला. तीच मागणी, तीच भाषा. "साहेब, अण्णांचा वारसा पुढे न्यायचाय. तुमचा आशीर्वाद द्या."

मी म्हटलं, वारसा हवा ना? मग त्यातलं हे देणंही घ्या. त्या वेताच्या खुर्चीत बसा आणि माझ्या तोंडावर सांगा: ज्या माणसाने अख्ख्या गावाला घरी विचारायला लावलं, त्याने मला एकदा, नुसतं एकदा, का विचारलं नाही? कदाचित मी नाहीच म्हटलं असतं. कदाचित नसतंही म्हटलं.

बायकोला मी हे विचारत नाही. ती खरं उत्तर देईल. म्हणून तुम्हाला विचारतोय. बोला.