सनकोट घालून घेतलेलं ऊन

मराठवाड्यात जन्म काढलेल्या माणसाला कुणी ‘जरा उन्हात बसत जा’ असं सांगितलं तर तो हसणारच. मीही हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. रक्ताचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवून त्यांनी विचारलं, “घरात ऊन येतं का?”

येत नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या माझ्या फ्लॅटला तीन खिडक्या आहेत आणि तिन्ही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडतात. भर दुपारी पोळ्या लाटायच्या तरी ट्यूबलाइट लावावी लागते. नवरा गेला, पाठोपाठ नोकरीही संपली आणि बाहेर पडायला कारणच उरलं नाही. भाजी दारावर येते, औषधं फोनवर मिळतात. पाठदुखी आणि मांड्यांतला ठणका मी वयाच्या माथी मारून मोकळी झाले होते. पण खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार लागायला लागला, तेव्हा तपासणी केली. ड जीवनसत्त्व अगदी नावापुरतं निघालं.

डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी लिहून दिली आणि वर बजावलं, की नुसत्या गोळीच्या भरवशावर राहू नका. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वीस मिनिटं ऊन घ्या. हाडं धरतील, पायांत बळ येईल, झोप लागेल, मनालाही बरं वाटेल. मनाबद्दल मी त्यांना एक अक्षर बोलले नव्हते.

पुण्याच्या मुलाला कळवलं तर त्यानं हुकूमच सोडला. “तीन महिने बघू. रिपोर्ट सुधारला नाही तर घराला कुलूप लावायचं आणि तू इकडे यायचं.” मला जायचं नव्हतं. तिथे मी पाहुणी असते. कुठला डबा कुठे आहे, हे दर वेळी सुनेला विचारावं लागतं. इथे एकटी असले तरी डबे माझे आहेत. तेव्हा काहीही करून रिपोर्ट सुधारायचा, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून कठडा धरत धरत तीन जिने चढून गच्चीवर जायला लागले. एक खुर्ची तिथेच ठेवून दिली. आता खरं सांगायला लाज वाटते, पण सांगते. तीस वर्षं मी दुचाकीवरून नोकरीला गेले. उन्हात जायचं म्हणजे अंगात सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे, तोंडाला स्कार्फ आणि वर गॉगल. आमच्या शहरात सिग्नलला सख्खी बहीण शेजारी येऊन थांबली तरी ओळखू येत नाही. त्यामुळे गच्चीवर जाताना हात आपोआप खुंटीवरच्या सनकोटाकडे गेला. स्कार्फही बांधला. आणि असं सगळं बंदोबस्तात गुंडाळून घेऊन मी जवळजवळ महिनाभर रोज वीस मिनिटं ऊन घेतलं. घड्याळ लावून घेतलं.

आमच्या वॉचमनची बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला यायची. खुलताबादकडची, मेंढपाळ घरातली. ती रोज माझ्याकडे बघायची आणि काही न बोलता जायची. एक दिवस तिला राहवलं नाही.

“काकू, राग नका मानू, पन एक इचारू का?”

“विचार.”

“तुमी इथं ऊन खायला येता का ऊन चुकवायला?”

माझा पारा चढला. “डॉक्टरांनी सांगितलंय मला,” मी ठणकावलं.

“हे बी घालायला डाक्टरनंच सांगितलं व्हय?”

मी स्कार्फ सावरला. तिचं हसू थांबेना. मग तिनेच पुढे होऊन स्कार्फची गाठ सोडली, मोजे ओढून काढले. “आमची मेंढरं बघा. थंडीच्या दिसांत सकाळच्याला उन्हाकडं कूस करून उभी राहत्यात. त्यांला कोन सांगतंय? लई शहाणी असत्यात.”

उघड्या हातावर ऊन पडलं तेव्हा कुणीतरी तळवा टेकवल्यासारखं वाटलं. कितीतरी महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. डोळे भरून आले, म्हणून खुर्ची टाकीकडे फिरवून बसले.

पुढचे दोन महिने मी नियमानं बसले. बाह्या वर सारून, साडी पोटरीपर्यंत घेऊन. ती असली की पाच-दहा मिनिटं बोलायची, मग तिला चार घरची भांडी होती. ती गेली की खालून रिक्षांचे हॉर्न तेवढे ऐकू यायचे. मी त्या वीस मिनिटांची चाळीस करायला लागले, तेव्हा ऊन हे निमित्त आहे, हे मला कळत होतं. पण झोप खरंच लागायला लागली. एक दिवस फोन वाजला आणि मी टेबलाला हात न लावता उठले.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. आकडा जिथे हवा तिथे होता. मी लगेच मुलाला फोन लावला.

“अरे वा!” त्यानं मोठा सुस्कारा सोडला. “मग आता तुला हलवायची गरज नाही.” फोन तसाच धरून त्यानं आत हाक मारली, “अगं, आईचं नॉर्मल आलं! तिच्यासाठी ठेवलेल्या खोलीत पोरीचं अभ्यासाचं टेबल टाकायचं होतं ना, टाकून घे आता.”

मला जायचं नव्हतंच. याच उत्तरासाठी मी तीन महिने जिने चढले होते. तरी त्यानं एकदा ‘तरीपण ये’ म्हणावं, असं फार वाटलं. मी नाहीच म्हटलं असतं. त्यानं बोलवायचं आणि मी नाही म्हणायचं, एवढंच हवं होतं.

“आई, ऐकतेस ना?”

“हो,” मी म्हणाले. “टेबल खिडकीजवळ टाका, आणि सकाळची खिडकी उघडी ठेवत जा. पोरीच्या अंगावर ऊन येऊ दे.”