अण्णाची ढगी आणि तिचा गोतावळा

किस्से साठतात कसे, तर ढाबळीतल्या पिसांसारखे. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी कोपऱ्यात पुन्हा तेवढीच. अण्णा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, चार महिन्यांमागं तापानं गेला. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी आमच्या माळवदावर कबुतरांच्या ढाबळीपाशी येऊन बसतं. येतात रडायला आणि मला हसवून जातात.

येणारे तिघं ठरलेले. समोरचे किराणावाले शिवलिंगअप्पा, सायकल दुकानवाले खलीलमामू आणि एसटीतला कंडक्टर गौतम. मी चौथीत शाळा सोडली, मला काही मोठं लिहिता येत नाही. पण आमच्या जळकोटच्या ज्या कबुतरांना नांदेड-लातूरकडं 'ढगी' म्हणून ओळखतात, ते वाण अण्णानं कसं उभं केलं, हे त्याच्या माणसांनी नाही सांगायचं तर कुणी?

मूळ मादी मुखेडच्या बाजारातली. मोठ्या दुष्काळाचं वर्ष. अण्णा गेला होता कडबा बघायला, आणि आला टोपलीत एक कबुतर घेऊन. ढगासारखा रंग, म्हणून ढगी. दुसऱ्या दिवशी सोडली, तर ती सरळ मुखेडला. अण्णा मागोमाग गाडीनं गेला, घेऊन आला. पुन्हा सोडली, पुन्हा मुखेड. असं चाललं. ती विकणारा मुखेडचा माणूस भला, दर वेळी अण्णाला चहा पाजायचा. शेवटी त्यानंच हात जोडले.

"पाव्हणं, तुमचा चहा परवडंना झालाय मला. तिचा नर बी घेऊन जावा."

नर आला आणि ढगी राहिली. खलीलमामू अजून सांगतात, की या वाणाची सुरुवात शर्यतीत नाही झाली, सोयरीक जुळवण्यात झाली.

दुष्काळात पाण्याचे हाल. टँकर आला की बायकांची रांग, आणि त्या रांगेत घागरीऐवजी पसरट ताटली घेऊन उभा आमचा अण्णा. टँकरवाल्यानं विचारलं, "एवढंसं पाणी कशाला रं?"

"घरात लहान लेकरं हायत."

"किती?"

"बावीस."

मागची म्हातारी घागर खाली ठेवून अण्णाकडं बघत राहिली. "आरं, तुझ्या लग्नाला वरीस बी न्हाई झालं की!"

पण त्या दुष्काळानंच वाण पक्कं झालं, असं अण्णा म्हणतो. म्हणायचा. दुसऱ्यांची कबुतरं वाटेत तळं दिसलं की उतरायची. त्या वर्षी तळी कोरडी. ढगीच्या पिल्लांना एकच पाणी ठाऊक, आमच्या माळवदावरच्या ताटलीतलं. उडाली की थेट घरी. पुढं पाऊस झाला, तळी भरली, तरी त्यांचं ते वळण मोडलं नाही.

पिल्लांना लांबून सोडायची सवय लावायचं काम गौतमकडं. तो ड्युटीवर टोपली बरोबर घ्यायचा, आणि दुसऱ्या टोकाच्या गावाला गाडी पोचली की पाखरं मोकळी करायचा. एकदा हदगावच्या वाटेवर गाडी बंद पडली. ऊन टळटळीत, झाडाचा पत्ता नाही. टोपलीत पाखरं तळमळायला लागली म्हणून गौतमनं ती तिथंच सोडली. पाखरांनी वर एक फेरी मारली आणि गेली निघून. एका आजीनं ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं, मग पिशवीतून तिकीट काढून गौतमच्या हातात दिलं.

"हे घे बाबा परत. आन् मला बी बसव टोपलीत."

वाणाचं नाव झालं तशी माणसं लांबून येऊ लागली. अण्णा मोठं पाखरू कुणालाच द्यायचा नाही, कारण ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्याकडंच येणार. तो अंडी द्यायचा. ज्या घरी अंडं फुटेल आणि पिल्लू पहिल्यांदा आभाळ बघेल, ते त्याचं घर. हदगावच्या एका घरजावयानं अशी दोन अंडी डब्यात कापूस घालून नेली. चालती गाडी, मांडीवर डबा, धक्का म्हणून बसू दिला नाही. घरी पोचला, डबा चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि हातपाय धुवायला गेला. येईपर्यंत सासूबाईंनी त्या अंड्यांची तव्यावर पोळी केली होती, वर कोथिंबीर टाकून.

बिचारा आठवड्यानं तोंड पाडून परत आला. अण्णानं सगळं ऐकून घेतलं. हसला सुद्धा नाही.

"हरकत न्हाई. आता सासूबाईला कुठं बी सोडा, सरळ घरी येतील."

मग लातूर नवा जिल्हा झाला. त्याचा एक कार्यक्रम होता, त्यात पुढाऱ्यांच्या हातानं कबुतरं सोडायची ठरली. आमच्याकडं निरोप आला. अण्णानं कपाटातला कडक शर्ट घातला, टोपली घेतली, आम्ही दोघं लातूरला. पुढारी माइकवर म्हणाले, की ही पाखरं विकासाचा निरोप घेऊन आपल्या जिल्ह्याच्या चारी कोपऱ्यांत जातील. टाळ्या झाल्या. टोपली उघडली. पाखरांनी मैदानावर एक घेर घेतला आणि सगळीच्या सगळी एका ओळीत जळकोटच्या दिशेला लागली.

मागून निलंग्याकडचा एक जण उठला.

"झालं! म्हंजी विकास समदा तिकडंच का?"

आता शेवटचा किस्सा, गेल्या महिन्यातला. अण्णा गेल्यावर मी लातूरला गेलो होतो. हॉटेलात एक कबुतरवाला चारचौघांत बोलला, की ढगी अण्णाबरोबर संपली, आता ढाबळीला कुलूप लावा. मी त्याच्या कपातला चहा त्याच्याच बशीत ओतला, बशी टेबलावर पालथी केली आणि तिथल्या तिथं नव्या जिल्ह्याच्या कबुतरांच्या पहिल्या शर्यतीत नाव दिलं. नाव माझं नाही, अण्णाचं.

पाखरं हदगावहून सकाळी सुटली. आमच्या गल्लीत दोन ढाबळी, आमची आणि समोर अप्पांची. अप्पांचं पाखरू अण्णानंच दिलेल्या अंड्यातलं. गौतम रजा काढून घड्याळ घेऊन आमच्या माळवदावर उभा, दोन्ही घरांचा पंच तोच. नियम असा, की कबुतर दारातून ढाबळीत गेलं की वेळ धरायची. बाहेर बसलेलं चालत नाही.

आमची पहिली आली. मूळ ढगीची पणती. आली आणि कठड्यावर बसली. मी अण्णासारखी शीळ घातली. जोंधळ्याचा डबा वाजवला. खाली पळत जाऊन अण्णाचा शर्ट घालून आलो. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पंख साफ करत बसली. खलीलमामू हळूच म्हणाले, "सबर कर बेटा."

तेवढ्यात आभाळात अप्पांचं पाखरू दिसलं. त्यांच्या माळवदावर घिरट्या घालू लागलं. अप्पांच्या हातात डबा होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला, वाजवला नाही.

खाली दार वाजलं. अण्णा गेल्यापासून वहिनीचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. ती अंगणात आली, पदर सावरला, वर बघितलं, आणि रोज दुपारी, अण्णानं पाखरं ढाबळीत घालून जेवायला खाली यावं म्हणून, जशी ओरडायची तशीच, तेवढ्याच रागानं ओरडली.

"अवं, किती वेळ त्या माळवदावर? भाकरी निवाली. या की आता!"

कठड्यावरच्या ढगीनं अंग झाडलं, खाली उडी मारली आणि चालत ढाबळीच्या दारातून आत गेली.

मामू गौतमकडं वळले.

"गौतम, टैम क्या हुआ?"

गौतमनं घड्याळ न बघताच खिशात घातलं.

"जेवायचा झाला, मामू."